पेटीमास्तरांचं पान: विश्वकोशात बसतात की नाही?

पायपेटी | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, सल्ला हवा आहे. शक्यतो भावनेत न भिजलेला.

गोव्यात, आमच्या पेडणे तालुक्यातल्या गावात एक पेटीमास्तर होऊन गेले. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना अजून विचारलेलं नाही. चाळीसेक वर्षं जात्रेच्या नाटकांना ऑर्गन आणि पेटी त्यांची. आमच्याच गावची नव्हे, पलीकडे वेंगुर्ल्यापासून अलीकडे डिचोलीपर्यंतची. पालखी देवळात शिरली की पडदा वर जायचा आणि पहाटे भैरवी होईपर्यंत हा माणूस बाकावरून उठायचा नाही. माझे बाबा त्यांच्याकडे शिकले. आसपासच्या पाच-सहा गावांत आज जो कोणी नाट्यपद धड म्हणतो तो त्यांच्या हाताखालचा, नाहीतर हाताखालच्याच्या हाताखालचा. मुंबईला गेले नाहीत, ध्वनिमुद्रिका नाही. वारूनही तीसेक वर्षं झाली.

त्यांच्यावर मराठी विकिपीडियासाठी लेख लिहून दीड महिना धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लिखाणाच्या पानावर, ठेवला आहे. मुख्य नामविश्वात, म्हणजे सगळ्या वाचकांसमोरच्या लेखांत, हलवायला हात धजत नाही. उद्या चर्चापानावर कोणी ‘उल्लेखनीयता?’ एवढंच विचारलं तर काय दाखवणार? माझ्यापाशी आहे ते असं: नाटकांची सदतीस हँडबिलं, देवस्थानच्या स्मरणिकेतली दोन पानं, वारल्याची चार ओळींची बातमी, मंडपातली संगमरवरी पाटी आणि फोटो, आणि बाबा.

बसतात का मास्तर?

लाल दुवा | सोमवार, रात्री १०:१५

लेख धूळपाटीवर ठेवून आधी विचारणारं माणूस इतक्या वर्षांत मी तिसरं पाहिलं. बाकीचे ‘पानकाढा’ साचा (पान काढून टाकायची सूचना) लागल्यावर येतात, तेही भांडायला.

सगळा घोळ शब्दाने केला आहे. मराठीत ‘उल्लेखनीय कामगिरी’ म्हटलं की शाबासकीचा वास येतो. मग ‘उल्लेखनीय नाही’ म्हटलं की घरच्यांना वाटतं, आमच्या माणसाला सामान्य ठरवलं. विश्वकोशाचा प्रश्न त्याहून कोरडा आहे. ज्यांचा त्या माणसाशी नात्याचा, पैशाचा, संस्थेचा संबंध नाही अशा कोणी, भरवशाच्या ठिकाणी, त्याच्याविषयी सविस्तर लिहून ठेवलं आहे का? दोन-चार ठिकाणी असेल तर लेख उभा राहतो. नसेल तर माणूस कितीही थोर असो, लेखातलं प्रत्येक वाक्य कशावर टेकवायचं?

आता तुमची शिदोरी. हँडबिलावरून प्रयोग झाला आणि पेटीला कोण होतं एवढं सिद्ध होतं, मास्तर कसे होते ते कळत नाही. स्मरणिका देवस्थानची आणि मास्तर त्याच देवस्थानचे सेवेकरी, म्हणजे घरचंच प्रशस्तिपत्र. पाटी संगमरवरी असली तरी तीच गत. बाबांचा दुवा देता येत नाही. राहिली चार ओळींची बातमी. ती कोणी लिहिली असेल हे इथल्या एका जुन्या पत्रकाराला विचारू. रायबंदरचे आजोबा, जागे आहात का?

सुंगटां | सोमवार, रात्री १०:२२

सदतीस हँडबिलं असून पान नाही. आमच्या आमदाराची नुसती पोस्टरं आहेत, त्याला मात्र पान आहे. कसं काय बाबा?

लाल दुवा | सोमवार, रात्री १०:३१

@सुंगटां, हसण्यावारी नेऊ नका, प्रश्न खरा आहे. राज्याच्या विधानसभेवर निवडून आलेला माणूस उल्लेखनीय आहे असं इंग्रजी विकिपीडिया गृहीत धरतो, कारण निवडणूक, शपथ, सभागृहातली भाषणं याची नोंद कुठे ना कुठे होतेच. हा ठोकताळा उत्तर प्रदेशालाही तोच आणि आपल्यालाही तोच. आपले ४० मतदारसंघ, एकेकात पंचवीस-तीस हजारांच्या आसपास मतदार. त्यामुळे गोव्यात पान मिळवायचं असेल तर पेटी शिकण्यापेक्षा निवडणूक लढवणं स्वस्त पडतं. सरपंचाला मात्र ही सवलत नाही.

सुंगटां | सोमवार, रात्री १०:३३

स्वस्त?? तुम्ही निवडणूक लढवलेली दिसत नाही.

रायबंदरचा म्हातारा | मंगळवार, पहाटे ४:५०

जागाच आहे. म्हाताऱ्याला झोप कुठली.

मी एका मराठी दैनिकात अठ्ठावीस वर्षं होतो. चार ओळींची बातमी कशी जन्मते ते सांगतो. दुपारी तीनच्या सुमाराला गावचा वार्ताहर किंवा मयताचा पुतण्या कागद घेऊन यायचा. ‘दुःखद निधन’ हा मथळा ठरलेला, ‘त्यांच्या पश्चात’ ठरलेलं, ‘सुप्रसिद्ध’ हे विशेषण पुतण्याचं. आम्ही पुतण्याचं शुद्धलेखन सुधारायचो, विशेषणाला हात लावत नव्हतो. गेलेल्या माणसाचं विशेषण कोण काढून घेणार? तेव्हा बातमीच्या डोक्यावर वर्तमानपत्राचं नाव असलं तरी तिचा लेखक पुतण्या.

सत्काराच्या बातमीचंही तेच. शाल-श्रीफळाचा फोटो, खाली डावीकडून उजवीकडे नावं, मजकूर मंडळाच्या चिटणिसाचा. आणि वाढदिवसाची विशेष पुरवणी असते तिचं संपादन जाहिरात विभाग करतो हे आता गुपित राहिलेलं नाही. त्यामुळे ‘पेपरात आलंय’ म्हटलं की आमच्यासारख्यांना आधी हसू येतं.

मग खरं लिखाण ओळखायचं कसं? माझी एक जुनी खूण आहे. लिहिणाऱ्याचं नाव बघा, आणि मजकुरात एखादं तरी वाकडं वाक्य आहे का ते बघा. पैसे देऊन किंवा पाया पडून छापून आणलेल्या मजकुरात वाकडं वाक्य नसतं. ज्याने स्वतः तिकीट काढून नाटक पाहिलं, तो दुसरा अंक रेंगाळला हे लिहितोच.

बायच्या चार ओळी पुतण्याच्या आहेत असं मी धरून चालतो. रागावू नको गो.

पायपेटी | मंगळवार, सकाळी ८:०५

रागवत नाही आजोबा. पुतण्याच होता. मी ओळखते त्याला.

पुणेकर पाव्हणा | मंगळवार, सकाळी ९:१२

मूळचा म्हापशाचा, आता पुण्यात. इतका काथ्याकूट कशाला? पुतण्याला एक ब्लॉग काढून द्या, त्यावर मास्तरांचं चरित्र टाका, लेखात ब्लॉगचा संदर्भ द्या. झालं पान. कोण तपासायला बसलंय? माझ्या ओळखीत एका गृहस्थांनी पैसे देऊन स्वतःचं करून घेतलं.

लाल दुवा | मंगळवार, सकाळी ९:४०

आणि ते आज आहे का, तेही सांगा.

पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसं जाहीर करावं, ही अट विकिमीडियाच्या वापरण्याच्या अटींत २०१४ पासून आहे. स्वतः काढलेल्या ब्लॉगने स्वतःला उल्लेखनीय करता येत नाही, स्वतःच्या खांद्यावर बसून पालखी बघावी तसं ते. इतकंच करायचं असतं तर या बाईंनी दीड महिना वाट कशाला पाहिली असती?

पुणेकर पाव्हणा | मंगळवार, सकाळी ९:५८

‘आज आहे का’... नाही. उडालं.

वळेसर | मंगळवार, दुपारी २:२०

मला हा सगळा न्याय मान्य नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगते.

मी धालो (बायकांची नाचगाणी) आणि फुगड्या गोळा करत फोंडा-सत्तरी तालुक्यांत फिरते. मांडावर धालोची शंभर-दीडशे गाणी तोंडपाठ असणारी बाई कोणत्याही वर्तमानपत्रात तिकीट काढून पाहिली जात नाही. तिथे तिकीट नसतं आणि पुरुषही नसतात. कागद ज्यांच्या दारात आला त्यांची नोंद झाली. गायिका केसरबाई केरीहून मुंबईला गेल्या, त्यांचा आवाज ध्वनिमुद्रिकेत उतरला म्हणून १९७७ साली व्हॉयेजर यानावर बसून सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागला. मोगूबाई कुर्डीहून गेल्या. (कुर्डी साळावली धरणाखाली बुडालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव वर येतं आणि लोक आपल्या घरांचे चौथरे शोधत फिरतात. एकदा जाऊन बघा.) पण त्यांच्याच पिढीतल्या, तितकंच शिकलेल्या आणि कुठेच न गेलेल्या बायकांचं काय? त्या अनुल्लेखनीय?

वर आपल्याकडे सेन्सॉर होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात मराठीत काही छापायचं तर आधी कात्रीखालून जायला लागायचं. दैनिक गोमन्तक १९६२ ला निघाला, नवप्रभा १९७० ला. मास्तरांची उमेदीची वर्षं त्याआधीची असणार. त्या काळात कोण कुठल्या कागदावर त्यांचं परीक्षण लिहिणार होतं?

हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. २०११ साली अचल प्रभला यांनी विकिमीडियासाठी एक प्रयोग केला होता, मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेडी भाषेत. गावातल्या माणसांना ध्वनिमुद्रित करायचं आणि त्या ध्वनिमुद्रणालाच संदर्भ मानायचं. खेळ कसा खेळतात, पदार्थ कसा करतात, असल्या साध्या गोष्टींसाठी. मग आमच्या ‘बाबां’ना दुवा का नाही?

लाल दुवा | मंगळवार, रात्री ९:०५

@वळेसर, तुमच्या प्रतिसादावर दिवसभर विचार केला. अर्ध्याशी सहमत.

आपल्याच मातीतलं एक उदाहरण घेतो. पंडित महादेवशास्त्री जोशी सत्तरीतल्या आंबेड्याचे. त्यांनी भारतीय संस्कृतिकोश दहा खंडांत उभा केला. कुठली नोंद घ्यायची, कुठली वगळायची हे तिथे कोण ठरवत होतं? संपादक. आणि त्या निवडीची हमी म्हणजे मुखपृष्ठावरचं त्यांचं नाव. उद्या शास्त्रीबुवांनी एखाद्या गावच्या कीर्तनकाराची नोंद घेतली असती तर ‘संदर्भ?’ म्हणून विचारायची कोणाची छाती नव्हती. केतकरांच्या ज्ञानकोशाचंही तसंच.

विकिपीडियावर माझ्या शब्दाला काय किंमत आहे? मी ‘लाल दुवा’ नावाचा एक कोणीतरी. तुम्ही ‘पायपेटी’. आपण दोघंही खोटं बोलत असू. संपादकाची सही नाही म्हणून बाहेरच्या लेखणीची साक्ष मागावी लागते. हा नियम काही गुणवत्ता मोजायला बसलेला नाही. अनोळखी माणसांनी एकमेकांवर विश्वास न ठेवता एकत्र लिहावं म्हणून केलेली ती सोय आहे. कागद ज्याच्यापाशी त्याचंच फावतं ही तिची खोट, ती मान्य.

ध्वनिमुद्रणाचा प्रयोग मला ठाऊक आहे. मोठ्या विकिपीडियांनी तो नियम म्हणून काही स्वीकारला नाही. खेळाचे नियम दहा गावांत दहा जणांना विचारून पडताळता येतात. ‘मास्तर थोर होते’ हे शिष्याच्या तोंडून पडताळता येत नाही.

नियम लावणाऱ्यांच्या हातून चुका होतात, तो भाग वेगळा. डोना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा २०१८ च्या मे महिन्यात इंग्रजी विकिपीडियावर परत पाठवला गेला, पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून. ऑक्टोबरात त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सगळीकडे छी-थू झाली. पण गंमत अशी की त्या २०१३ साली ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या, आणि संशोधकांसाठीच्या निकषात एवढं पदही पुरतं. नियमात त्या बसत होत्याच, तपासणाऱ्याला ते दिसलं नाही.

वळेसर | मंगळवार, रात्री ९:३०

तपासणाऱ्याला बाईच बरी दिसली नाही.

असो. उरलेल्या अर्ध्यावर माझा कायमचा मतभेद नोंदवून ठेवा.

सुंगटां | मंगळवार, रात्री ९:४४

शिष्य गाजला तर गुरूला पान मिळतं का? मग पायपेटीबाईंच्या बाबांना एखादा पुरस्कार देऊन टाकू.

लाल दुवा | मंगळवार, रात्री ९:५२

मोठेपण वारशाने येत नाही, ना खालून वर, ना वरून खाली. दीनानाथांचं पान लताबाईंचे वडील म्हणून नाही. १९१८ ची बलवंत संगीत मंडळी, त्यांच्या भूमिका, गायकी यांवर त्यांच्या हयातीपासून लिहिलं गेलं आहे. लयभास्कर खाप्रुमामांच्या लयकारीच्या गोष्टी किती तरी वर्षं कानोकानी फिरल्या, पण पुढे जाणकारांनी त्या लिहून काढल्या म्हणून आज आधार आहे. मास्तरांवर असं कोणी लिहिलं आहे का, एवढाच प्रश्न. आणि ते शोधल्याशिवाय ‘नाही’ म्हणायचा अधिकार मलाही नाही. कोंकणी विश्वकोश बघितलात का? गोवा विद्यापीठाचे चार खंड, २०१३ साली मुक्त परवान्यात आले, घरबसल्या चाळता येतात.

पाटोचा पूल | बुधवार, सकाळी ७:३०

मी इथे क्वचित लिहितो. निवृत्त झाल्यापासून पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसतो. १८३२ ला ‘पुब्लिका लिव्रारिया’ म्हणून सुरू झालेलं ते हेच. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळणं हा माझा फावल्या वेळचा उद्योग. पायपेटीबाय, मला खाजगीत मास्तरांचं नाव, गाव आणि नाटकांची नावं पाठवा. हँडबिलांवर तारखा असतील तर सोन्याहून पिवळं. वर्षंच्या वर्षं चाळायला नकोत, प्रयोगानंतरचा आठवडा बघितला की भागतं.

एक सूचना. पोर्तुगीज आमदानीतल्या कागदांत आडनावं ओळखू येत नाहीत. नाईकाच्या शेवटी क्यू-यू-ई लागतं, प्रभूचा पोरोबो होतो, कामताचा कामोती, शेणव्याचा सिनाय. ‘गोव्याच्या जुन्या पेपरात काहीच नाही’ म्हणणारे निम्मे लोक आजचं स्पेलिंग घेऊन शोधत असतात. बोलेती ओफिसियाल (सरकारी राजपत्र) बघणार असाल तर तिथेही हाच खाक्या.

पायपेटी | बुधवार, सकाळी ८:१०

पाठवलं. कोंकणी विश्वकोशात बघितलं होतं, गावाचा उल्लेख आहे, मास्तरांचा नाही. सदतीसपैकी एकवीस हँडबिलांवर तारीख आहे. बाकीच्यांवर नुसतं ‘कार्तिक वद्य पंचमी, रात्रौ ठीक १० वाजता’. साल छापायची कोणाला गरज वाटली नाही. ठीक दहाला पडदा कधी उघडला असेल तर शपथ.

रायबंदरचा म्हातारा | बुधवार, सकाळी ८:२५

तिथीबरोबर वारही छापला असेल तर पंचांगातून साल निघेल. दाते पंचांगाच्या जुन्या प्रती माझ्याकडे बऱ्याच आहेत. फोटो पाठव.

पाटोचा पूल | शनिवार, सायंकाळी ६:४५

तीन दिवस बसलो. दोन गोष्टी हाती लागल्या.

पहिली आनंदाची वाटली आणि फसवी निघाली. मास्तरांच्याच नावाच्या गृहस्थांवर अर्धं पान लेख, फोटोसकट. शेवटच्या परिच्छेदात कळलं की हे डिचोलीचे तबलजी. धूळपाटीवरच्या लेखात ‘तबलाही उत्तम वाजवत’ असं जे वाक्य आहे ते कुठून आलं, बाय? काढून टाका.

दुसरी १९७० च्या दशकातली. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेतल्या प्रयोगाचं परीक्षण, खाली समीक्षकाचं पूर्ण नाव. त्यात मास्तरांवर स्वतंत्र परिच्छेद, तेरा ओळी मोजल्या. अख्खा इथे टाकत नाही, तात्पर्य असं: हात अतिशय तयार, पदांच्या जागा जुन्या वळणाच्या आणि आता दुर्मीळ, पण ऑर्गनचा भाता इतका जोरात की नायिकेचं गाणं त्याखाली बुडालं, आणि साथीदाराने साथ करावी, स्पर्धा करू नये.

रायबंदरचा म्हातारा | शनिवार, सायंकाळी ७:०२

वाकडं वाक्य!

लाल दुवा | शनिवार, सायंकाळी ७:२०

हाच पहिला खरा संदर्भ. संगमरवरी पाटीपेक्षा या तेरा ओळी वजनदार.

पायपेटी | शनिवार, रात्री १०:५०

बाबांना वाचून दाखवलं. मला भीती होती की चिडतील. पाच मिनिटं हसत होते. म्हणाले, ‘खरेंच आसा. मास्तर सामके जोरान वाजयताले. नायिका म्हण्टली, मास्तर, हळू. मास्तर म्हण्टले, तूं व्हड्यान (मोठ्याने) गा.’ मग म्हणाले की ती नायिका म्हणजे गावचाच एक स्त्रीपार्टी होता आणि त्या रात्री त्याचा घसा बसला होता. समीक्षकाला ते माहीत नव्हतं.

हे लेखात घालता येणार नाही, हो ना?

लाल दुवा | शनिवार, रात्री ११:१०

नाही. आणि मला त्याचं जितकं वाईट वाटतंय तितकं इथे कोणाला वाटत नसेल.

एका परिच्छेदावर स्वतंत्र पान टिकणार नाही, असं माझं मत. तोवर करण्यासारखं बरंच आहे. गावाचं पान आज दोन ओळींचं आहे. त्यात जात्रेच्या नाटकांचा विभाग घाला, परीक्षणाचा संदर्भ देऊन मास्तरांना तिथे आणा. विकिडेटावर (विकिपीडियाच्या माहितीकोशावर) त्यांची नोंद होऊ शकते, तिथला उंबरठा खालचा आहे. मास्तरांच्या नावाने पुनर्निर्देशन करून ठेवलं की शोधणारा गावाच्या पानावर पोचेल. मंडपातला फोटो मात्र चढवू नका. छायाचित्रावरचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षं राहतो, आणि हा कोणी काढला, छापला केव्हा, काहीच ठाऊक नाही.

वळेसर | रविवार, सकाळी ९:१५

आणि बाबांना बोलतं करायचं. विकिपीडियासाठी नको, असंच. मी ध्वनिमुद्रक घेऊन येते, पेडण्याला यायला मला निमित्तच हवं आहे. घसा बसल्याची गोष्ट पहिली. नंतर मी त्यावर सही करून लेख लिहीन आणि एखाद्या संपादकाच्या टेबलावर ठेवीन. त्याने कापाकापी केली, प्रश्न विचारले तर उत्तम. मग @लाल दुवा यांना दुसरा संदर्भ म्हणून चालतो का बघू.

लाल दुवा | रविवार, सकाळी ९:३०

चालेल. संपादक तुमचा भाऊ नसला म्हणजे झालं.

सुंगटां | रविवार, सकाळी ९:३४

गोव्यात नात्यात नसलेला संपादक शोधायचा म्हणजे कठीणच.

पायपेटी | रविवार, दुपारी १:०५

वळेसरताई, पुढच्या रविवारी या, जेवायलाच. पेटीचे दोन सूर अडकतात, बाबा आजपासूनच ती उघडून बसले आहेत.

पाटोचा पूल काका, हँडबिलं आज पहिल्यांदा ओळीने मांडून पाहिली. मास्तरांचं नाव तीन प्रकारे छापलं आहे. कुठे आडनावासकट, कुठे नुसतं पाळण्यातलं नाव आणि पुढे ‘मास्तर’, आणि नऊ हँडबिलांवर गावावरून पाडलेलं आडनाव, जे घरात कोणी कधी लावलं नाही. तुम्ही कुठल्या नावाने शोधलंत?

पाटोचा पूल | रविवार, दुपारी १:४०

पहिल्या. उरलेली दोन्ही पाठवा, उद्या परत बसतो.